डाग दिसला की आधी पाणी पाजा

न्यूक्लिअर मेडिसिनला नव्यानं आलेल्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगत असे. रेडिओआयोडीनच्या स्कॅनवरचा काळा डाग एवढंच सांगतो, की इथं आयोडीन आहे. ते तिथं कशामुळे आलं हे तो सांगत नाही. ते शोधून काढण्याचाच आपल्याला पगार मिळतो. आता खुर्ची सोडली, तरी जुनी मुलं नाव झाकून स्कॅन पाठवतात आणि विचारतात, "मॅडम, हे काय असेल?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

ज्यांचा या विषयाशी संबंध रुग्ण म्हणून किंवा रुग्णाच्या घरचे म्हणून आला आहे, त्यांच्यासाठी आधी थोडं. थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन उचलतात, कारण त्यांना त्यापासून हार्मोन बनवायचं असतं. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर जातीच्या थायरॉइड कर्करोगातही ही सवय बऱ्याचदा शिल्लक राहते. १९४६ साली न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे हॉस्पिटलमधल्या सॅम्युअल सायडलिन यांनी सहकाऱ्यांसह एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. त्या माणसाची थायरॉइड काढून टाकलेली होती, तरी अंगात थायरॉइडचं हार्मोन जास्त झालं होतं. शरीरात पसरलेल्या गाठीच ते बनवत होत्या, आणि त्याच गाठींनी किरणोत्सारी आयोडीन उचललं. आजही आपण त्याच वाटेनं जातो. शस्त्रक्रिया झाली की गरजेप्रमाणे आयोडीन-१३१ पाजतो, काही दिवसांनी डोक्यापासून पायापर्यंत गॅमा कॅमेऱ्याखाली घेतो आणि कुठं काय उरलंय ते बघतो.

अडचण अशी, की आयोडीनला थायरॉइडखेरीजही बरीच ठिकाणं चालतात. डोंगरावर धूर दिसला की तिथं आग असणार, हा न्यायशास्त्रातला पहिला धडा. पण सकाळच्या धुक्याला धूर समजणारा माणूस उगाच पाण्याच्या घागरी घेऊन डोंगर चढतो. आपल्याकडे ती चढण रुग्णाला चढावी लागते. साध्या लाळेच्या डागाला मेटास्टॅसिस, म्हणजे पसरलेला रोग, म्हटलं, की पुढचा डोस १५० किंवा २०० मिलिक्युरींचा ठरतो. पुन्हा आयसोलेशन वॉर्ड, पुन्हा लाळग्रंथींना मार, कोरडं तोंड, अस्थिमज्जेवर ताण, आणि घरात 'पसरलाय' हा शब्द शिरतो तो वेगळाच. म्हणून पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा.

कॅमेऱ्याआधी माणूस बघा

स्कॅनचं निम्मं वाचन रुग्ण टेबलावर झोपायच्या आधी होतं. रिपोर्ट लिहायला बसल्यावर "हिला दमा होता का हो?" म्हणून टेक्निशियनला फोन करणारा डॉक्टर उशिरा जागा झालेला असतो.

बाहेरच्या बाकावर बसूनच विचारून घ्या. सर्दी आहे का? दात किंवा हिरडी दुखते का? पूर्वी क्षय झाला होता का? पाळी चालू आहे का? मूल किती महिन्यांचं, अंगावर पितं का? कृत्रिम डोळा, कृत्रिम केस, गळ्याला ट्रॅकिओस्टॉमीची नळी? लघवीचा, मुतखड्याचा काही त्रास? पोटाची, अन्ननलिकेची शस्त्रक्रिया? अंगावर कुठं जखम, गळू, खपली? डोस घेतल्यावर उलटी झाली होती का, आणि कशावर?

हे विचारताना हातांकडेही लक्ष असू द्या. आपल्याकडे गावाकडून आलेल्या कितीतरी बायका मिश्री लावतात. बोट तोंडात, तेच बोट पदराला. पुरुष तंबाखू मळतात, थुंकतात, रुमालानं तोंड पुसतात. लाळग्रंथी रक्तातलं आयोडीन कित्येक पटीनं साठवून लाळेत सोडतात. म्हणजे तो पदर आणि तो रुमाल तुमच्या कॅमेऱ्याला लख्ख दिसणार.

धुवा, बदला, परत घ्या

शरीराबाहेर पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पाण्यात आयोडीन असतं. लाळ, लघवी, घाम, अश्रू, शेंबूड, दूध, उलटी. यातलं काहीही कातडीला, केसांना किंवा कपड्याला लागलं की डाग उमटतो. खिशातल्या रुमालानं कमरेच्या हाडात गाठ दिसते. लघवीचे थेंब मांडीवर वाळले की मांडीच्या हाडात रोग दिसतो. रडून ओला झालेला पदर छातीवर असला की बरगडी काळी होते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून परळला उपचारांसाठी येणारी माणसं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. प्रवासाचे कपडे तेच, आंघोळीला जागा मिळाली तर मिळाली. त्यांच्याकडून फिल्मवर स्वच्छ अंगाची अपेक्षा ठेवायची असेल, तर साबण, पाणी आणि धुतलेला गाऊन देण्याची जबाबदारी विभागाची आहे.

डाग संशयास्पद वाटला की आधी कपडे बदलायला सांगा. ती जागा कोमट पाण्यानं आणि साबणानं हलक्या हातानं धुऊन घ्या. खसाखसा घासू नका, कातडी सोलवटली की आयोडीन आत मुरेल. मग तेवढ्याच भागाचा फोटो पुन्हा घ्या. उतरवलेला कपडा पिशवीत बांधून त्याचाही एक फोटो घेतलात तर उत्तम. डाग रुग्णावरून गेला आणि पिशवीत दिसला, की वाद संपला. तो कपडा मग डिके स्टोअरमध्ये, म्हणजे किरणोत्सार ओसरेपर्यंत वस्तू ठेवायच्या खोलीत. दहा अर्धायुकाल, म्हणजे साधारण ऐंशी दिवस, त्याला तिथंच राहू द्या.

बाजूनं घेतलेला फोटो इथं फार कामाला येतो. एक उदाहरण मी कायम शिकवत आले. लांबसडक केसांची बाई, समोरून घेतलेल्या फोटोत कवटीच्या उजव्या बाजूला ठसठशीत डाग. कवटीच्या हाडाचा मेटास्टॅसिस म्हणायला कुणाचीही हरकत नसती. बाजूनं फोटो घेतला तर डाग कवटीच्या रेषेच्या जरासा बाहेर. मग तिची वेणी उजव्या खांद्यावरून उचलून डाव्या बाजूला टाकली आणि पुन्हा फोटो घेतला. डागही डावीकडे गेला. रात्री उशीवर लाळ गळली होती, वेणीचं टोक त्यात भिजलं होतं. हाडातला रोग वेणीबरोबर कूस बदलत नाही.

पाणी पाजा

छातीच्या मधोमध उभी काळी रेघ किंवा लांबट ठिपका दिसला, की पहिला संशय अन्ननलिकेवर घ्या. लाळ गिळली जाते, खाली उतरते, आणि वाटेत कुठं अडकली तर तिथं काळं दिसतं. हायटस हर्निया असेल, अन्ननलिका आकुंचन पावलेली असेल, बाजूला पिशवी फुगली असेल, अकॅलेशिया असेल, तर ती बराच वेळ अडकते. बॅरेटच्या अन्ननलिकेत जठरासारखं अस्तर तयार झालेलं असतं, तेही आयोडीनला जागा देतं.

उपाय पैशाचा नाही. पेलाभर पाणी प्यायला द्या, सोबत एखादं बिस्किट किंवा पावाचा तुकडा खायला सांगा, कॉरिडॉरमधून दोन फेऱ्या मारायला लावा आणि छातीचा फोटो पुन्हा घ्या. रेघ पुसट झाली किंवा खाली सरकली, तर ती लाळ होती. जागची हलली नाही, तर स्पेक्ट-सीटी करा आणि नेमकी कुठं आहे ते बघा. मेडियास्टिनममधल्या, म्हणजे छातीच्या मधल्या भागातल्या, लिम्फ नोडवर शिक्का मारण्यापूर्वी हा पेलाभर पाण्याचा खर्च करायलाच हवा. मी विभागात असताना पाण्याचा जग कन्सोलच्या खोलीबाहेरच ठेवत असे, म्हणजे आठवण करून द्यावी लागत नाही.

आयोडीनची नेहमीची ठिकाणं तोंडपाठ करा

पेशीत आयोडीन ओढून घेणारं प्रथिन म्हणजे सोडियम-आयोडाइड सिंपोर्टर. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये नॅन्सी कॅरास्को यांच्या गटानं १९९६ साली त्याचं जनुक वेगळं केलं. त्यानंतर आपल्या जुन्या निरीक्षणांना कारण मिळालं. हे प्रथिन थायरॉइडपुरतं नाही. लाळग्रंथींत आहे, जठराच्या अस्तरात आहे, दूध येणाऱ्या स्तनात आहे, अश्रू वाहून नेणाऱ्या मार्गातही आहे.

त्यामुळे नाक, तोंड, लाळग्रंथी, जठर, आतडं, मूत्राशय हे सगळं काळं दिसणं स्वाभाविक. तिथं काहीच दिसलं नाही तर उलट डोस पोटात गेला का, याची चौकशी करा. मोठ्या डोसनंतर यकृत सगळीकडे सारखं करडं दिसतं, तेही घाबरण्यासारखं नाही. थायरॉइडच्या उरलेल्या तुकड्यात तयार झालेलं किरणोत्सारी हार्मोन आणि थायरोग्लोब्युलिन यकृतात मोडलं जातं, पित्तातून आतड्यात उतरतं. पित्ताशय म्हणूनच कधी कधी वेगळा ठिपका होऊन दिसतं.

मानेच्या मधल्या रेषेत, जिभेच्या मुळापर्यंत कुठंही डाग असला तर गर्भावस्थेची वाट आठवा. थायरॉइड जिभेच्या बुडापासून खाली उतरते आणि वाटेत थोडी थोडी मागे सोडून येते. हा थायरॉइडचाच ऊतक आहे, म्हणून आयोडीन घेतो. तो साधा आहे, मधल्या रेषेत आहे आणि सर्जनला तो सहसा काढताही येत नाही. लिम्फ नोड बहुधा बाजूला असतात.

अंगावर दूध येतं का, विचारायला लाजू नका

थायरॉइडचा कर्करोग पुरुषांपेक्षा बायकांत बराच जास्त, आणि त्यात मूल नुकतंच झालेल्या तरुण मुलीही असतात. दूध येणारा स्तन आयोडीन भरभरून उचलतो. फिल्मवर तो फुप्फुसात पसरलेल्या रोगासारखा दिसू शकतो, विशेषतः एकाच बाजूनं बाळ पीत असेल आणि डाग एकतर्फी असेल तेव्हा. बाजूनं घेतलेल्या फोटोत डाग छातीच्या भिंतीबाहेर गेला की उत्तर मिळतं.

डोस देण्यापूर्वीच हा प्रश्न सुटायला हवा. उपचाराच्या किमान सहा आठवडे, आणि शक्यतो तीन महिने आधी दूध पाजणं पूर्ण थांबलेलं असावं. हा नियम बाळाच्या थायरॉइडसाठी आहे आणि आईच्या स्तनासाठीही आहे. त्या बाळाला पुन्हा अंगावर घ्यायचं नाही, हेही तेव्हाच स्पष्ट सांगा. आणि सासू शेजारी बसलेली असताना विचारू नका. बाई "बंद केलंय" म्हणेल आणि रात्री पाजत असेल. तिला एकटीला आत घ्या, दार लावा, मग विचारा. बाळ वर्षाचं झालं, दूध बंद होऊन महिने लोटले, तरी स्तनात थोडा अपटेक, म्हणजे आयोडीन उचलणं, राहू शकतो. प्रोलॅक्टिन वाढलेलं असलं तर मूल नसलेल्या बाईतही दिसू शकतो. गरोदरपणाची तपासणी तर डोसआधी होणारच, ती कुणाच्या शब्दावर सोडायची नाही.

तरुण माणसाच्या छातीत थायमस असते

छातीच्या हाडामागे, वरच्या बाजूला, पसरट, फार ठळक नसलेला, कधी डंबेलसारखा आकार. वय कमी, रक्तातलं टीजी (थायरोग्लोब्युलिन) नगण्य, आणि बऱ्याचदा मोठ्या डोसनंतरच्या स्कॅनवर दिसलेला. ही थायमस असण्याची शक्यता जास्त. लहान मुलांत आणि विशीतल्या मुलांत ही ग्रंथी अजून जिवंत असते आणि आयोडीन थोडं उचलते. सीटीत त्रिकोणी, मऊ, आजूबाजूला न ढकलणारी अशी दिसते. लिम्फ नोड गोल, ठळक आणि नेमका असतो. वीस वर्षांच्या पोराला मेडियास्टिनममध्ये रोग आहे असं लिहायच्या आधी हा फरक डोळ्यांत तेल घालून बघा.

आपल्या मुलखातली फुप्फुसं जुना क्षय बाळगून असतात

परदेशी पुस्तकांत हे एका ओळीत येतं. आपल्याला मात्र रोज लागतं. बऱ्या झालेल्या क्षयानं वरच्या भागातल्या श्वासनलिका फुगवून ठेवलेल्या असतात, त्यात कफ साचतो, त्या कफात आयोडीन साचतं. जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा बसला असेल तर तोही काळा दिसतो. साध्या श्वासनलिकेच्या दाहातही अपटेक येतो. सूज आलेल्या ठिकाणी रक्तपुरवठा वाढतो, रक्तवाहिन्या पाझरतात, आयोडीन बाहेर झिरपतं आणि तिथंच रेंगाळतं. सायनस, दाताचं मूळ, पित्ताशयाची सूज, भरत आलेली जखम, सोरायसिसचे चट्टे, सगळ्यांचं कारण थोड्याफार फरकानं हेच.

म्हणून छातीचा जुना एक्स-रे मागवा. गावाकडच्या घरी गादीखाली नाहीतर पत्र्याच्या ट्रंकेत तो बहुधा सापडतो. डाग आणि जुना व्रण एकाच जागी असतील, टीजी कमी असेल, तर तुम्हाला दिशा मिळाली.

ओटीपोटात घाई नको

कमरेच्या खाली सगळ्यात जास्त फसगत होते. आयोडीन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे मूत्राशय आपल्याला आंधळं करून ठेवतं. स्कॅनच्या ऐन आधी लघवी करून यायला सांगा. "सकाळी गेले होते" हे चालणार नाही. मूत्राशयाला पिशवी फुटलेली असेल, मूत्रपिंड जागेवरून खाली घसरलेलं किंवा जन्मतःच ओटीपोटात असेल, मूत्रनलिकेत लघवी अडलेली असेल, तर श्रोणीच्या हाडावर डाग पडल्यासारखं वाटतं. पाळी चालू असताना गर्भाशयही आयोडीन घेताना दिसलेलं आहे. सॅनिटरी पॅड आणि अंतर्वस्त्र बदलून फोटो पुन्हा घ्या.

आतडं स्वतःची जागा बदलत असतं, हेच आपल्या कामी येतं. आज सेक्रमवर दिसलेला डाग उद्या डावीकडे सरकला, तर तो आतड्यातला होता. बद्धकोष्ठ असेल तर रेचक द्या आणि दुसऱ्या दिवशी बोलवा. हाड आपली जागा सोडत नाही. मेकेलच्या पिशवीत जठराचं अस्तर असेल तर तीही पोटात हटवादी डाग देते, हे एका कोपऱ्यात लक्षात ठेवा.

पाणी भरलेल्या गाठी

मूत्रपिंडातला सिस्ट, यकृतातला सिस्ट, बीजांडकोशातला सिस्ट, कातडीखालचा सिबेशियस सिस्ट, अंडकोशातलं हायड्रोसील, फुप्फुसाभोवती किंवा हृदयाभोवती साचलेलं पाणी, या सगळ्यांत आयोडीन हळूहळू झिरपतं आणि तितक्याच सावकाश बाहेर येतं. बाकी शरीर धुऊन निघतं तेव्हा उशिरा घेतलेल्या फोटोत हे मागे उरतं आणि उठून दिसतं. इथं हात लावून बघायला विसरू नका. कातडीखालची गाठ बोटाला लागते, हायड्रोसील टॉर्चच्या उजेडात चमकतं. सोनोग्राफीचं यंत्र शेजारच्या खोलीत आहे. दहा मिनिटांत सिस्ट आहे की घन गाठ, हे कळतं.

यंत्रावरही संशय घ्या

सकाळी पहिला रुग्ण घेण्यापूर्वी कॅमेरा रिकामा चालवून बघा. कोलिमेटरवर, म्हणजे कॅमेऱ्यापुढच्या छिद्रांच्या जाळीवर, आदल्या दिवशीच्या कुणाचा थेंब पडला असेल तर दिवसभरातल्या सगळ्या रुग्णांना एकाच जागी 'रोग' होईल. वेगवेगळ्या लोकांत, एकाच जागी, एकाच आकाराचा डाग दिसला की रुग्ण सोडा आणि कोलिमेटर पुसा.

दुसरं, तारा. आयोडीन-१३१ चे गॅमा किरण ३६४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे, शिवाय त्याहून जास्त ऊर्जेचे थोडे किरणही त्यात असतात. कोलिमेटरची छिद्रं षटकोनी. मानेत थायरॉइडचा मोठा तुकडा उरलेला असेल आणि त्यानं खूप आयोडीन घेतलं असेल, तर किरण छिद्रांच्या भिंती भेदून बाहेर येतात आणि सहा पाकळ्यांचा तारा काढतात. त्या पाकळ्या खाली छातीकडे उतरतात आणि नवा माणूस तिथं लिम्फ नोड शोधतो. पिनहोल कोलिमेटरनं मान वेगळी घ्या, तारा नाहीसा होतो. आणि हाय एनर्जी कोलिमेटर लावलाय ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सकाळी टेक्नेशियमचे रुग्ण घेताना कुणी लो एनर्जीचा लावलेला असतो आणि तसाच राहतो.

एकट्या फिल्मवर विश्वास टाकू नका

डाग आणि रक्त यांचा मेळ बसायला हवा. थायरोग्लोब्युलिन, आपण ज्याला टीजी म्हणतो, ते फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात. टीएसएच ३० च्या वर असताना टीजी नगण्य असेल आणि फिल्मवर मात्र फुप्फुसं, हाडं काळी दिसत असतील, तर फिल्म खोटं बोलत असण्याची शक्यता जास्त. पण टीजीसोबत त्याच्या अँटीबॉडीही मागवा. अशा रुग्णांत साधारण चार-पाच जणांत एकाच्या रक्तात त्या असतात आणि टीजीचा आकडा खोटा कमी दाखवतात. अँटीबॉडी असताना 'टीजी निल' या शब्दावर निर्धास्त होऊ नका.

जागा नक्की करायला स्पेक्ट-सीटी. सोय असेल तिथं शंकेच्या प्रत्येक डागासाठी ती करा. लाळेचा डाग कातडीवर आहे की बरगडीत, आयोडीन आतड्याच्या पोकळीत आहे की हाडात, हे ती दाखवते. पण सीटीलासुद्धा प्रश्न नीट विचारावा लागतो. "हा डाग कशावर बसलाय?" हा तो प्रश्न.

उलट बाजूनंही कान उघडा ठेवा

एवढं वाचून प्रत्येक डागाला लाळ म्हणायची सवय लावून घेतलीत, तर मी लिहिलं ते वाया गेलं. लहान मुलांत आणि तरुणांत छातीचा एक्स-रे स्वच्छ असतो, कधी सीटीही जवळजवळ स्वच्छ असतो, तरी दोन्ही फुप्फुसं सारखी काळी दिसतात आणि टीजी वर असतं. तो खरा पसरलेला रोग, आणि त्यावर आयोडीनचा चांगला परिणाम होतो. त्या मुलाला 'क्षयाचं असेल' म्हणून परत पाठवलं तर त्याचं नुकसान.

काही डाग थायरॉइडचे नसूनही महत्त्वाचे असतात. मेंदूच्या आवरणातला मेनिंजिओमा, बीजांडकोशातला टेराटोमा, क्वचित फुप्फुसाचा किंवा जठराचा दुसराच कर्करोग आयोडीन उचलतो. त्याला थायरॉइडचा मेटास्टॅसिस म्हणून आयोडीन देत बसलात तर खरा आजार तसाच राहतो. म्हणून 'थायरॉइडचं नाही' एवढ्यावर थांबायचं नाही, 'मग काय आहे' हे शोधायचं.

रिपोर्ट आधी घरचे वाचतात

पूर्वी रिपोर्ट पाकिटात जायचा आणि डॉक्टरच ते फोडायचे. आता लिफ्टमध्येच पोरगा मोबाइलवर फोटो काढतो आणि पुण्यातल्या काकांना पाठवतो. तुमची नजर मोठ्या डॉक्टरकडे असते, पण पहिला वाचक तो असतो. 'मेटास्टॅसिसची शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य लिहिणाऱ्याला सुरक्षित ठेवतं आणि वाचणाऱ्याची झोप उडवतं. त्यापेक्षा काय केलं ते लिहा. 'छातीच्या मध्यभागी दिसलेला अपटेक पाणी प्यायल्यावर नाहीसा झाला, अन्ननलिकेतील लाळ.' 'कवटीजवळचा अपटेक केसांवरील लाळेमुळे. केस बाजूला घेतल्यावर जागा बदलली.' अजून शंका असेल तर शंकाच लिहा, पण पुढं काय करायचं आणि केव्हा, हेही त्याच ओळीत लिहा.

आणि घाई करू नका. थायरॉइडचा हा कर्करोग बहुतेकांत सावकाश चालतो. दुसरा डोस आठवडाभर पुढं गेल्यानं काही बिघडत नाही, नको असलेला डोस दिला तर मात्र बिघडतं. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल आठ दिवसांचा आहे. आज पाजलेलं औषध उद्या आणि परवाही त्या शरीरात फोटो काढण्याइतकं असतं. नव्यानं काही टोचावं लागत नाही, पाजावं लागत नाही. धुवा, पाजा, चालवा, आणि तरी डाग राहिलाच तर रुग्णाला राहायला जागा आहे ना, एवढं विचारून दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ द्या.